प्रकाशाच्या धड्यावर अडलेलं वर्ष

९ फेब्रुवारी, रविवार. लातूर

सुताच्या एका व्यापाऱ्यानं दिवाळीला दिलेली ही डायरी दुकानात नुसती पडून होती. जानेवारीची पानं कोरी गेली, त्याला इलाज नाही. आजपासून लिहायचं ठरवलं, कारण लातुरात मला बोलायला कोणी नाही. शिवानी अभ्यास करते आणि खोलीमालकांना कमी ऐकू येतं.

डायरी कुठं राहिलीच तर सापडणाऱ्याला कळावं म्हणून लिहून ठेवतो. मी वीरभद्र, उदगीरचा कापड दुकानदार. शिवानी माझी एकुलती एक मुलगी. तिला डॉक्टर करायचं आहे. गेल्या वर्षी तिची आई कमलम्मा इथं खोली घेऊन तिच्याजवळ राहिली आणि नीटला मार्क कमी पडले. आईनं लाड फार केले, असं माझं निदान आहे. म्हणून यंदा मी आलो. परीक्षा मे महिन्यात आहे. ही दुसरी खेप आणि शेवटची. तिसऱ्यांदा बसायचा दम तिच्यातही राहणार नाही आणि माझ्यातही.

दुकान कमलम्मा बघते. त्या काळजीनं माझा जीव टांगणीला लागलेला असतो. आज फोनवर म्हणाली, "तुमी दुकानाची उगं फिकीर करू नका. गिऱ्हाईक बेस हाय." मला धीर द्यायला म्हणते बिचारी.

स्वयंपाक मीच करतो. माझ्या भाकरीला पदर सुटत नाही, पण शिवानी निमूट खाते. गेल्या आठवड्यात मी तिला विचारलं, "कशी झाली?" ती म्हणाली, "चावायला वेळ लागतो, तेवढ्यात विचार करायला मिळतो." गुणी पोरगी आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

क्लासची सराव परीक्षा झाली. बायोलॉजी घसरलं. फिजिक्समध्ये पैकीच्या पैकी. म्हणजे फिजिक्स झालेलं आहे. मग झालेल्या विषयाचं पुस्तक घेऊन बसायचं कारण काय? मी समोर खुर्ची टाकून बसलो की बायोलॉजी उघडं असतं. भाजी घेऊन परत आलो की टेबलावर भलतंच काहीतरी. भलतंच म्हणजे एकच धडा, प्रकाशाचा. ती त्यात अडकली आहे. गाडी चिखलात रुतावी तशी.

क्लासला जाऊन फिजिक्सच्या दयानंद सरांना भेटलो. सर तरुण आहेत, घसा कायम बसलेला. म्हणाले, "काका, पोरगी हुशार हाय. पण प्रश्न लई विचारती. पर्याय कोणता ते सांगितलं तर म्हणती, असं का? आता एका प्रश्नाला मिनिट मिळायलंय. त्या मिनिटात 'असं का?' बी विचारायचं का?"

"मंग आवरा की तिला," मी म्हणालो.

"मी काय आवरू? मलाबी तिच्या प्रश्नांची उत्तरं घरी जाऊन वाचावी लागायलीत."

यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही, पण सर हसले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उपाय सापडला. गिऱ्हाईक कापडाच्या एकाच थानावर अडून बसलं तर दुकानदारानं त्या थानाची पूर्ण माहिती काढावी, मग ते विकता येतं किंवा बाजूला सारता येतं. हा प्रकाशाचा धडा मीच शिकून घेणार आणि शिवानीच्या डोक्यातून तो काढून टाकणार. बी.कॉम. आहे मी, अडाणी नाही.

संध्याकाळी तिला म्हणालो, "सांग मला. तासाभरात उरकायचं."

ती आधी बघतच राहिली. मग मी पीठ मळतो त्या परातीत तिनं पाणी घेतलं. दोन बोटं पाण्यात बुडवून टपटप हलवायला लागली. दोन्हीकडून लाटा निघाल्या आणि एकमेकींत शिरल्या. "बघा आप्पा, इथं दोन उंचवटे एकत्र आले की पाणी दुप्पट उठतं. इथं एकीचा उंचवटा आणि दुसरीचा खड्डा गाठ पडले की पाणी जागच्या जागी. उजेडाचंबी असंच हाय."

मी म्हणालो, "पाण्याची लाट पाण्यात. उजेडाची लाट कशात हाय मंग?"

एवढं विचारलं तर तिनं टाळीच वाजवली. "आप्पा! ह्याच प्रश्नावर मोठमोठ्या लोकांनी जन्म घातलाय!" आणि उत्तर काय, तर कशातच नाही. म्हणे वीज आणि चुंबक यांचा जोर आळीपाळीनं हलत पुढं जातो, त्याला मधे काही लागत नाही. नाहीतर सूर्यापासून इथवर मोकळ्या जागेतून उजेड आला असता कसा? मला वाटतं पुस्तकात मधलं एखादं पान गाळलं आहे.

तासाभराचे अडीच तास झाले. पीठ मळायचं राहिलं म्हणून खाणावळीतून डबा आणला. शिवानीनं आज तीन चपात्या खाल्ल्या. एरवी दीड खाते. खाणावळीचा स्वयंपाक तिला आवडतो असं दिसतं.

१ मार्च, शनिवार

काल नांदेडला जाऊन आलो. विज्ञान दिन होता आणि तिथल्या एका कॉलेजात प्रयोग मांडले होते. दयानंद सरांनीच तिला सांगितलं. हे मास्तर आहेत की वैरी, कळत नाही. मी नाही म्हणणार होतो, पण गुरुद्वाऱ्याचं दर्शन होईल असा विचार केला. पहाटेची एसटी धरली. अहमदपूरपुढं रस्त्याचं काम चालू आहे, पाठीचे मणके ढिले झाले.

कॉलेजात एका अंधाऱ्या खोलीत अंबिका मॅडम म्हणून प्राध्यापिका होत्या. केस पिकलेल्या, पायात साध्या चपला. त्यांनी एका काळ्या काचेवर केसाएवढ्या दोन फटी पाडल्या होत्या. त्यातून लाल लेझर सोडला आणि समोरच्या भिंतीवर पट्टे उमटले. लाल, काळा, लाल, काळा. मी मॅडमना विचारलं की फटी दोनच, मग पट्टे इतके कसे? त्या म्हणाल्या, "एक फट झाका." झाकली. पट्टे गेले, सगळीकडं पसरट लाल उजेड राहिला. उघडली. पट्टे परत आले.

मी हे पाच-सहा वेळा केलं. मागं पोरांची रांग लागली. जिथं एका फटीनं उजेड पडत होता, तिथंच दुसरी फट उघडल्यावर अंधार होतो. उजेडात उजेड घातला आणि अंधार झाला. कापडाच्या धंद्यात असं होत नाही. एका गाठोड्यात दुसरं घातलं तर दोन होतात, रिकामं होत नाही. शिवानी म्हणाली, "आप्पा, परात आठवा." परात आठवली. तरी मला राग आला. कुणावर ते सांगता येणार नाही.

मग ती मॅडमशी बोलत बसली. मी बाहेर बाकावर बसून डुलकी काढली. उठलो तरी बोलणं चालूच. मॅडमनी मला विचारलं, "ही बी.एस्सी.च्या कुठल्या वर्षाला आहे?" मी म्हणालो, "बी.एस्सी. नाही, आमची मुलगी नीटची तयारी करते." त्या "अरे वा" म्हणाल्या, पण नुसतंच म्हणायचं म्हणून. गुरुद्वाऱ्यात जायला शेवटी अर्धा तासच मिळाला.

परतीच्या गाडीत शिवानी खिडकीला डोकं टेकून होती. एक अक्षर बोलली नाही. चेहऱ्यावर हसू. गाडी लागली असेल म्हणून मी लिंबू दिलं, तर म्हणाली, "न्हाई आप्पा, मी बरी हाय. लई बरी हाय." एक अख्खा दिवस बुडाला आहे. उद्यापासून फक्त बायोलॉजी.

६ मार्च, गुरुवार

धडा संपला असं मी समजत होतो तर त्याच्या पुढं आणखी एक धडा आहे. त्यात लिहिलंय की उजेड दाण्यादाण्यानं येतो. त्या दाण्याला फोटॉन म्हणायचं. मी म्हणालो, "आता एक काहीतरी बोल बाई. लाट हाय का दाणा?"

तिनं सांगितलं ते असं. उजेड इतका मंद करायचा की एका वेळी एकच दाणा निघेल. तो दोन फटींकडं जातो आणि समोर एका जागी टिंब उमटतं. एकच टिंब, दाण्यासारखं. मग दुसरा, मग तिसरा. आधी टिंबं कुठंही पडल्यासारखी दिसतात. पण हजारो पडली की पट्टे! प्रत्येक दाणा एकटा होता, त्याच्या जोडीला कोणी नव्हतं. मग काळ्या पट्टीत पडायचं नाही हे त्याला कुणी सांगितलं?

"तो गेला कंच्या फटीतून? तेवढं सांग."

"ते कुणाला सांगता येत न्हाई आप्पा. आणि कंच्या फटीतून गेला ते बघायला पहारा बसवला की पट्टेच जातात. मग तो साध्या दाण्यासारखा वागतो."

"पहारा काढला की?"

"पट्टे परत."

क्षणभर मला वाटलं हे तिच्यासमोर टाकलेल्या माझ्या खुर्चीबद्दल बोलणं आहे. पण शिवानी तशी टोमणे मारणारी नाही. खुर्ची होती तिथंच ठेवली.

दयानंद सरांना विचारलं की दाणा मधल्या वाटेत काय करतो. सर म्हणाले, "काका, ते परीक्षेला येत न्हाई." पण येत नाही म्हणजे काय? दाणा परीक्षेला येणार नाही म्हणून मधे थांबतो का? सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करताना त्यात समईच्या ज्योतीचा ठिपका दिसला आणि मी मंत्र सोडून त्या ठिपक्याकडंच बघत बसलो. तिथून इथवर हा आला कसा?

१९ मार्च, बुधवार

आज जे झालं ते लिहायची इच्छा नाही, तरी लिहितो.

सराव परीक्षेत बायोलॉजी पुन्हा कमी आलं. मी बोललो, जरा जास्तच बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आप्पा, मला डॉक्टर व्हायचं न्हाई. मला फिजिक्स शिकायचंय. नांदेडला बी.एस्सी. करते, मग पुढं एम.एस्सी. अंबिका मॅडम म्हणल्या की तू ये."

मग मला सुचलं ते सगळंच बोललो. बी.एस्सी. कोण करतं? ज्याला कुठं लागत नाही तो. दोन वर्षं तुझ्या आईनं आणि मी वाऱ्यावर घालवली का? खोलीमालक जिना चढून वर आले आणि "काही पडलं का?" म्हणून विचारायला लागले. त्यांना ऐकू गेलं म्हणजे मी किती ओरडलो असेन.

शिवानी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. कमलम्माला फोन लावला. मला वाटलं ती हंबरडा फोडेल. ती एवढंच म्हणाली, "ती बोलली का अखेर? मंग तुमी काय म्हणलात?"

"अखेर म्हणजे?"

"काय न्हाई. तुमी काय म्हणलात ते सांगा."

घरातली माणसं धक्का बसला की असंच काहीबाही बोलतात.

रात्रीच्या जेवणापर्यंत माझं डोकं ठिकाणावर आलं. मी तिला म्हणालो, "सौदा करू. पेपर जीव ओतून दे. बायोलॉजीबी मनावर घे. निकाल लागला, सरकारी मेडिकल कॉलेजला नंबर लागेल एवढे मार्क पडले, की मग तू म्हणशील तसं. ही माझी जबान."

ती म्हणाली, "खरंच का?"

"उदगीरच्या बाजारात विचार, वीरभद्राची जबान कधी फिरली का म्हणून."

खरं लिहायचं तर या सौद्यात मला काही धोका नाही. मार्क नाही पडले तर शब्दाचा प्रश्नच नाही. आणि पडले तर हातात आलेलं मेडिकल कोण सोडतं? ती स्वतःच सोडणार नाही. इतकं चोख गणित मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

६ एप्रिल, रविवार. उदगीर

लग्नसराई सुरू आहे म्हणून दोन दिवस दुकानात आलो. माझ्यावाचून हाल झाले असतील असं वाटलं होतं. गर्दी दिसली, ती लग्नसराईची असणार. कमलम्मानं गल्ला आणि काउंटर यांची जागा बदलली आहे. विचारलं तर म्हणाली, "इथून समदं दुकान दिसतंय."

पण एक घोटाळा मी पकडलाच. तिनं माझ्या अपरोक्ष पांढऱ्या मलमलीची गाठ, अख्खा गठ्ठाच, घेतली आहे. हाताला मऊ लागली, भाव वाजवी. आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घालून दिलेली रीत आहे: दिवेलागणीला कापड डोळ्याला लावायचं आणि चौकाच्या पार टोकाच्या दिव्याकडं बघायचं. दिवा साधा दिसला तर माल खरा. दिव्याच्या चारी बाजूंनी रंगीत ठिपके फुटले तर कापडाला रसायन चोपडलेलं आहे, माल खोटा. आमच्या दुकानात ही कसोटी लावल्याशिवाय पांढरं कापड कधी ठेवलं नाही.

मलमल डोळ्याला लावली. दिव्याभोवती फुलीसारखे निळे-तांबडे ठिपकेच ठिपके! कमलम्माला म्हणालो, "फसलीस. उद्याच्या उद्या परत धाड."

"बरं," ती म्हणाली. दुसरं काही बोलली नाही. चूक कळल्यावर माणूस असाच गप्प होतो. शिवानीला दाखवायला त्यातला हातरुमालाएवढा तुकडा फाडून घेतला.

९ एप्रिल, बुधवार. लातूर

काल संध्याकाळी शिवानीला गच्चीवर नेलं. तुकडा दिला आणि म्हणालो, "लांबच्या त्या दिव्याकडं ह्यातून बघ. तुझ्या आईनं घेतलेला माल. आता सांग, खोटा हाय का न्हाई?"

तिनं बघितलं, कापड खाली केलं, पुन्हा लावून बघितलं. मग हळूच म्हणाली, "आप्पा, हे तुम्ही किती वर्षं बघायलात?"

"आप्पांच्या काळापासून."

"आणि मला कधी दाखवलं न्हाई?"

मग तिचं सुरू झालं. "कापड फिरवा." फिरवलं. ठिपक्यांची फुलीही कापडाबरोबर फिरली. "रसायनाला उभं-आडवं कळतं का? हे धाग्यांमुळं हाय. दोन धाग्यांमधली फट, त्याच्यापुढं आणखी एक, अशा हजार फटी. नांदेडला दोनच होत्या." मी ऐकणाऱ्यातला नाही. तुकडा सोड्याच्या पाण्यात उकळला, दगडावर घासला, वाळवला. आज पुन्हा बघितलं. ठिपके जसेच्या तसे. मग तिनं माझा जाडाभरडा पंचा डोळ्याला लावायला सांगितला. त्यातून दिवा अगदी साधा दिसला.

"फटी जितक्या बारीक, तितके ठिपके लांब-लांब फाकतात," ती म्हणाली. "पंच्याचे ठिपकेबी हायत, पण दिव्याला इतके चिकटून की डोळ्याला कळत न्हाईत. आणि सूत वेडंवाकडं असतं तर ठिपके असे नीट ओळीत दिसलेच नसते."

म्हणजे ज्या कापडातून रंग फुटतात ते सगळ्यात बारीक आणि सगळ्यात सारखं विणलेलं. आणि आम्ही तेच खोटं म्हणून परत धाडत आलो, जाडं ते खरं म्हणून ठेवत आलो. आप्पांना हे कोणी सांगितलं असतं तर त्यांनी जोडा काढला असता. मलाही मधे एकदा तो काढावासा वाटला होता.

लगोलग कमलम्माला फोन केला. "ती गाठ परत धाडू नको."

"धाडली कोण?" ती म्हणाली. "निम्मी इकून झाली. बारशाच्या झबल्यांसाठी लोक मागून न्यायलेत."

दोघीही मला काही सांगत नाहीत असं आज पहिल्यांदाच मनात आलं.

४ मे, रविवार

परीक्षा झाली. केंद्राबाहेर उन्हात तीन तास उभा होतो. पोरं बाहेर आली ती डोळे पुसतच. फिजिक्सनं तमाम पोरांना रडवलं म्हणे, वेळच पुरला नाही. आईबाप एकमेकांकडं बघत होते.

शिवानी बऱ्याच मागून आली. तोंड लाल झालेलं. "गेलं का?" मी विचारलं.

"बायोलॉजी ठीकठाक. पण फिजिक्स, आप्पा! असा पेपर असावा. नुसतं सूत्र घालून एकबी प्रश्न सुटत नव्हता, विचारच करावा लागत होता." रिक्षात बसेपर्यंत ती मला एक प्रश्न समजावून सांगत होती. शेजारी एक पोरगी आईच्या गळ्यात पडून रडत होती. मी शिवानीला म्हणालो, "हळू बोल."

खोली सोडली. उद्या उदगीर.

१४ जून, शनिवार. उदगीर

पडले! सरकारी कॉलेजला सहज नंबर लागेल एवढे मार्क पडले. बायोलॉजी बेताचंच आहे. पण जिथं सगळे बुडाले तिथं फिजिक्समध्ये ही तरंगली. ज्या धड्यासाठी मी तिच्यावर पहारा केला त्यानंच मला हा दिवस दाखवला. मी दुकानात रडलो. गिऱ्हाइकांसमोर रडलो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

१७ जून, मंगळवार

तीन दिवस पेढे आणि हार चालू आहेत. मठात सत्कार झाला. औशाहून मेहुणे आले. कोणीतरी चौकात फलक लावायचं म्हणतंय, 'डॉ. शिवानी' असं. मी म्हणालो, अजून पाच वर्षं आहेत. ते म्हणाले, लावू द्या हो.

शिवानी सगळ्यांच्या पाया पडते, हसते. सौद्याचं नावही काढत नाही. आज स्वतःहून म्हणाली, "आप्पा, मी मेडिकलला जाते. तुम्हाला लई आनंद झालाय." बघा, माझं गणित बरोबर आलं. हातात आलेलं कोण सोडतं?

२० जून, शुक्रवार

दुपारी दुकानात मंदी होती. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा कवडसा काउंटरवर पडला होता. मी शिवानीला सहज विचारलं, "हा दाणा सूर्यापासून निघाला तेव्हा ह्याला मालूम होतं का की उदगीरला कापडावर पडायचंय?" मला खरंच जाणून घ्यायचं होतं. लातूर सोडल्यापासून डोक्यात होतं.

ती गाठोडं बांधत होती. वर न बघता म्हणाली, "जाऊ द्या की आप्पा. आता कशाला ते?"

तिच्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. मी घरात आत गेलो तर तिच्या प्रकाशाच्या पुस्तकांचा गठ्ठा दोरीनं बांधून दाराशी ठेवलेला. शेजारच्या मुलीला द्यायचा म्हणे. लातुरात ती एका दिवसात माझ्याशी जितकं बोलायची त्याच्या पावपटही या अख्ख्या आठवड्यात बोललेली नाही. मला ते आत्ता कळलं. हारांच्या गडबडीत लक्षातच आलं नाही.

कमलम्माला विचारलं, "तिनं मला सौद्याची आठवण कामून करून दिली न्हाई?"

ती भांडी लावत होती. म्हणाली, "ती करून देनार न्हाई. तुमच्या गळ्यातला हार बघितलाय तिनं."

"तिला डॉक्टर व्हायचं न्हाई हे तुला कधीपासून ठाऊक हाय?"

"गेल्या साली लातूरला होते तवापासून. तुमाला सांगून उपेग न्हवता. तुमी आपल्या डोळ्यानं बघावं म्हनून पाठवलं यंदा."

मला कोणी पाठवलं नव्हतं, मी स्वतःच्या निर्णयानं गेलो होतो. असं मी तिला सांगितलं. ती हसली.

२१ जून, शनिवार

चौकात फलक लागला आहे. फोटो छान आला आहे. मला तो फलक हवा आहे, हे मी या डायरीत तरी खोटं कशाला लिहू? मी गप्प बसलो तर कोणी मला बोल लावणार नाही. शिवानी तर नाहीच. डॉक्टर होईल, चांगली होईल, रात्रंदिवस राबेल. आणि मी एखादं काही विचारलं की म्हणेल, जाऊ द्या की आप्पा.

२२ जून, रविवार

आज संध्याकाळी जळकोटकडच्या केवळाबाई लुगडं घ्यायला आल्या. जुनं गिऱ्हाईक, तोंडानं फटकळ. काउंटरला शिवानी होती. केवळाबाई गुडघे धरत बसल्या आणि म्हणाल्या, "आता तूच बघ गं डॉक्टरीणबाई माझ्या गुडघ्याकडं. लई ठणकायलेत."

शिवानी हसून म्हणाली, "बघते की मावशी."

मी थान गुंडाळत होतो. गुंडाळता गुंडाळता माझ्या तोंडून निघालं, "ती डॉक्टर होणार न्हाई, केवळाबाई."

कमलम्मा गल्ल्यावर नोटा मोजत होती, तिचा हात थांबला. केवळाबाई म्हणाल्या, "आँ? मंग त्यो चौकातला फोटू?"

"फोटो काढायला सांगतो. तिला मी जबान दिली होती. ती नांदेडला जाणार हाय. उजेड कसा चालतो ते शिकणार हाय."

"उजेड? त्यो तर दिसतोय की. त्यात काय शिकायचं?"

याचं उत्तर मला येत नव्हतं. धडा संपवला असता तर आलं असतं. मी शिवानीकडं बघितलं. तिच्या हातातलं लुगडं काउंटरवर पडलं होतं. तिनं ओठ दाबून धरले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कमलम्मा उठून तिच्याजवळ गेली नाही, नुसती बघत होती. मला वाटलं आता ही आत पळेल.

तिनं पदरानं पुसावं तसं ओढणीनं तोंड पुसलं आणि स्टूल ओढून केवळाबाईंच्या समोर बसली. "दिसतोय खरं मावशी," ती म्हणाली, "पण तो दिव्यापासून तुमच्या डोळ्यापर्यंत येतो कसा, सांगा बघू?"

"चालत येत असंल."

"कसा चालत? सरळ, का लाटेसारखा?"

"मला काय ठावं? तूच सांग."

आणि शिवानी बोलायला लागली. आधी आवाज चिरकत होता, मग लागला. केवळाबाई मधेमधे "अगं बया" म्हणत होत्या आणि उलटे प्रश्न करत होत्या. शटर ओढायची वेळ होऊन गेली तरी दोघी बसल्याच होत्या. केवळाबाईंचं लुगडं घ्यायचं राहून गेलं. मी काही त्यांना आठवण करून दिली नाही.